‘सुधारित’ या शब्दावर अडून बसलेल्या बाई

त्या रोज सकाळी साडेअकराला एक फोन करायच्या, आणि तो फोन झाल्याशिवाय आमच्या ऑफिसातून एकही मराठी कागद बाहेर पडू द्यायच्या नाहीत. फोन आकोटजवळच्या एका खेड्यात, त्यांच्या वहिनींना असायचा. स्पीकर चालू करून त्या फोन टेबलावर ठेवायच्या आणि हातातल्या कागदावरचं एखादं वाक्य सावकाश वाचायच्या.

“वहिनी, ऐका. ‘लाभार्थ्याने विहित नमुन्यात अर्ज सादर करावा.’ काय समजलं?”

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज यायचा. मग ‘विहित’ची विहीर करून वहिनी म्हणायच्या, “इहिरीसाठी अर्ज भरा लागते काय?”

त्या फोन ठेवायच्या, वाक्यावर काट मारायच्या आणि लिहायच्या, ‘सोबतचा फॉर्म भरून द्यावा.’

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या नाश्त्याचा डबा दाखवलात. त्यावर जनुकांमध्ये बदल केलेलं धान्य यात नाही असं छापलेलं होतं, आणि तुम्ही विचारलंत, “आजी, तुमच्याकडे लोकांना हे कोण विचारतं?” फोनवर मला नीट सांगता आलं नाही. उत्तर म्हणून मी या बाईंबद्दल लिहिते आहे. तुम्हाला अडेल असा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं आहे. अडलाच तर आईला विचारा.

तुमचे आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून नोएडात राहायला आलो. तिथे एका भाषांतराच्या ऑफिसात मी अर्धवेळ काम धरलं. ऑफिस बेसमेंटमध्ये होतं. सहा भाषांची सहा टेबलं. मराठीच्या टेबलावर आम्ही दोघी. त्या भाषांतर करायच्या आणि मी ते तपासून खाली सही करायची. दोन सह्या झाल्या की कागद पुढे जायचा. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे दिल्लीत इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत एक शब्द असेल तर मराठीतही एकच हवा, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

त्या मूळच्या वऱ्हाडातल्या. कॉटनची साडी, पायांत पळायचे बूट, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ. बोलताना प्रत्येक चौथ्या वाक्याला त्यांच्या तोंडी ‘बाप्पा’ यायचं, हिंदीतसुद्धा. “क्या बताऊं बाप्पा, मेट्रो में बहुत भीड़ थी.” हिंदीच्या टेबलावरचे पंडितजी बरेच महिने समजत होते की या गणपतीच्या मोठ्या भक्त आहेत. गणेश चतुर्थीला ते त्यांच्यासाठी मुद्दाम लाडू घेऊन आले. बाईंनी लाडू खाल्ला, आभार मानले, आणि मग सांगितलं की तुमच्याकडे ‘यार’ म्हणतात तसं आम्ही ‘बाप्पा’ म्हणतो. पंडितजी म्हणाले, “तो मैडम, आप इतने दिन से भगवान को यार कह रही थीं?” त्या म्हणाल्या, “नाराज तो नहीं हुए अभी तक.”

आमच्या सेक्टरच्या बुधवारच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे दुपार गेली असं समजावं. वांगं हातात घेऊन त्या भाजीवाल्याला विचारायच्या, “बीज कहाँ का है?” त्याला कुठून ठाऊक असणार? पण त्या प्रत्येक बुधवारी विचारायच्या. एकदा तो वैतागून म्हणाला, “मैडमजी, सब्ज़ी लेनी है कि रिश्ता करना है?” त्या शांतपणे म्हणाल्या, “पेट में जानेवाला है भैया. रिश्ता ही है.” पुढच्या बुधवारी तो आपणहून सांगू लागला, हे पानिपतकडचं, हे यमुनेच्या खादरमधलं, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतलं. खरं किती आणि रचलेलं किती हे त्यालाच माहीत. पण त्याला आता प्रश्नाची सवय झाली, असं म्हणून त्या खूश होत्या.

ऑफिसात चारच्या चहाला कुणीतरी नमकीनचं पाकीट फोडायचं. त्या आधी पाकीट उलटं करून भिंग लावून वाचायच्या. एकदा वाचलं, आणि पाकीट तसंच माझ्याकडे सरकवलं.

“का हो, नको?” मी विचारलं.

“सरकीचं तेल आहे. म्हणजे कापसाच्या बीचं. तो कापूस कुठल्या बियाण्याचा, ते मी माहेरी पाहिलेलं आहे.”

“मग आम्हीही खाऊ नये म्हणता?”

“मी कुठं म्हणते बाप्पा? खा. वाचून खा.”

आम्ही खाल्लं. कुणाला काही झालं नाही, हे मी त्यांना दोन दिवसांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “होईल असं मी म्हटलंच नव्हतं. तुम्ही न वाचता खात होतात, एवढंच म्हटलं होतं.”

त्यांचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं होतं. ‘शब्द गोड लागला तर आधी त्यातली बी काढून बघा.’ मला ते वाक्य जरा नाटकी वाटायचं. ते माझ्यावरच लागू पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं. एका संस्थेकडून एक प्रश्नावली आली. जनुकांमध्ये बदल करून तयार केलेलं खाण्याचं पीक शेतात घ्यावं का, ते तुम्ही खाल का, अशी लोकांची मतं गोळा करायची होती. कापसात असं बियाणं आपल्याकडे कधीच आलं आहे. पण वांग्याचं अडलं आणि मोहरीचा वाद चालूच होता. लोकांची उत्तरं इंग्रजीत करून संस्था तिचा अहवाल वर पाठवणार होती. म्हणजे दूरच्या खेड्यातल्या माणसाचं मत दिल्लीत पोचण्याचा रस्ता आमच्या बेसमेंटमधून जात होता.

इंग्रजीतल्या ‘जेनेटिकली मॉडिफाइड’ या दोन शब्दांसाठी त्यांनी मराठीत बारा शब्द लिहिले. ‘प्रयोगशाळेत दुसऱ्या जिवाचा अंश घालून ज्याचा मूळ गुण बदलला आहे असे बियाणे.’ प्रश्नावलीत ते नऊ वेळा येत होतं. त्यानंतर त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, “वहिनींना वाचून दाखवायचं राहिलं आहे. मी आल्यावर पाठवू.”

आमचा मॅनेजर पुण्याचा होता, तिशीतला, कामाला चोख. एरवी तो मला ‘मॅडम’ म्हणायचा. काकू म्हणाला की समजायचं, काम आजच हवं आहे. शुक्रवारी दुपारी तो आला आणि म्हणाला, “काकू, मराठीचंच राहिलंय फक्त.”

मी कागद घेतला. ती बारा शब्दांची आगगाडी मला अजागळ वाटली. कोशात शब्द होता, वर्तमानपत्रांत रोज छापून येत होता. मी नऊ ठिकाणी काट मारली आणि नऊ ठिकाणी लिहिलं, ‘जनुकीय सुधारित बियाणे’. पान सुबक दिसू लागलं. मी सही केली.

बाई परत आल्या त्या एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी छापील प्रत वाचली. मग वहिनींना फोन लावला.

“वहिनी, जनुकीय सुधारित बियाणं. काय समजलं?”

“सुधारित म्हंजे चांगलंच की वं बाई. चांगल्यासाठी काय इचारता?”

त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“एका वहिनींवरून ठरवायचं का?” मी म्हटलं. “शब्द कोशातला आहे. सगळे वापरतात.”

“कोश वाचणाऱ्याला विचारायचं असतं तर तुमचा शब्द बरोबर होता. गावात सुधारित तूर म्हणतात, सुधारित गाय म्हणतात. सरकारनं पन्नास वेळा सांगितलं आहे, सुधारित वाण वापरा. आता त्याच शब्दानं विचारलं, हवं का? तर माणूस नाही कशाला म्हणेल?”

“आणि तुमचं वाक्य? दुसऱ्या जिवाचा अंश. ऐकूनच माणूस दचकेल. माझा शब्द साखरेचा असेल, तर तुमचा मिरचीचा आहे.”

त्या म्हणाल्या, “हे खरं आहे.” आणि आपल्या जुन्या कागदावर स्वतःच्या वाक्यावर काट मारली. पण प्रश्नावली तोवर गावोगाव गेली होती.

महिन्याभराने भरलेले फॉर्म आमच्याकडे आले, इंग्रजी करायला. मला पडद्यावर वाचवत नाही म्हणून त्यांच्या छापील प्रती काढून घेतल्या आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो. बहुतेक सगळ्यांनी ‘होय’वर खूण केली होती. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मग आम्ही खालच्या चौकटीतलं हाताने लिहिलेलं वाचू लागलो.

‘सुधारित बियाणे वेळेवर मिळावे, गेल्या वेळी पेरणी झाल्यावर आले.’ ‘आमच्या घरी दोन सुधारित गाई आहेत. चांगला अनुभव आहे.’ ‘सुधारित हरभरा खातोच आहोत, पुरणाला चांगला.’ एका बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘सुधारणेला कोणी नाही म्हणू नये.’

मी वाचत होते आणि माझा पेन्सिलचा हात हळूहळू थांबत गेला. ही माणसं संस्थेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हती. त्यांनी मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. तरीही या होकारांची बेरीज होऊन ती दिल्लीत एका टेबलावर जाणार होती, आणि तिथे तिचा अर्थ असा होणार होता की खेड्यापाड्यांतली माणसं हे अन्न पिकवायला आणि खायला तयार आहेत.

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त इंग्रजी करताना प्रत्येक ठिकाणी ‘सुधारित’ला ‘इम्प्रूव्ह्ड’ लिहायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत मॅनेजर धावत आला.

“मॅडम, हे काय? क्लायंटला जेनेटिकली मॉडिफाइड हवंय. त्यांचा सर्व्हे त्याच्यावर आहे.”

“त्यांचा असेल. या लोकांचा हरभऱ्यावर आहे.”

“पण मूळ शब्द तोच आहे ना?”

“मूळ इंग्रजीतला. यांनी इंग्रजी वाचलं नाही. यांनी जे वाचलं त्याचं उत्तर दिलं. मी ते बदललं तर ते भाषांतर नाही, त्यांच्या नावावर दुसऱ्याचं मत चढवणं आहे. मी करणार नाही.”

पंडितजी मदतीला आले. “हमारे यहाँ तो ‘संशोधित’ लिखा है. आप भी वही लिख दीजिए, झगड़ा ख़त्म.”

बाई हसल्या. “पंडितजी, तुमच्या हिंदीत संशोधित म्हणजे दुरुस्त केलेलं. आमच्या मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च. आमचा माणूस समजेल, शास्त्रज्ञांनी तपासून पास केलेलं बियाणं. मेरी मैडम के शब्द से भी मीठा है बाप्पा.”

मॅनेजरने मोठा श्वास घेतला आणि खुर्ची ओढून बसला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने सरळ सांगितलं, “संस्था पुन्हा विचारायला तयार होईल, पण कारण लेखी लागेल. भाषांतरात चूक होती असं. आणि तसं लिहायचा अधिकार तपासणाऱ्याचा. म्हणजे...” तो माझ्याकडे बघून थांबला. पुढे म्हणाला, “काकू, नाहीतर असं करू. बाईंचे फॉर्म दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ. पुण्यात बरेच लोक आहेत. तुम्ही फक्त सही करा. विषय संपला.”

सगळ्यांची नजर माझ्यावर होती, फक्त बाईंची नव्हती. त्या खाली बघून फॉर्मांची टोकं जुळवत होत्या. त्यांनी मला एका शब्दाने गळ घातली नाही. घातली असती तर मला सोपं गेलं असतं, मी रागाने नाही म्हणाले असते.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. शाळेत काढल्या, ऑफिसात काढल्या, तुमच्या आईच्या पत्रांतसुद्धा काढून तिला परत पाठवल्या. माझ्या नावाने चूक नोंदवली गेल्याचं मला आठवत नव्हतं. मी कोरा कागद घेतला आणि आधी इंग्रजीत लिहायला बसले. इंग्रजीत अशी सोय आहे की चूक कुणी केली हे न सांगता चूक झाली असं लिहिता येतं. दोन ओळी तशा लिहिल्या, वाचल्या, आणि कागद बाजूला ठेवला. मग मराठीत लिहिलं, ‘भाषांतर करणाऱ्या बाईंनी प्रश्न स्पष्ट लिहिला होता. तपासताना मी तो बदलला. त्यामुळे वाचणाऱ्यांना वेगळाच प्रश्न विचारला गेला. ही उत्तरे या विषयावर धरू नयेत. चूक माझी आहे.’ खाली सही केली.

मॅनेजरने तो कागद दोनदा वाचला. “मॅडम, इतकं स्पष्ट नको होतं,” तो म्हणाला.

“मग वहिनींना काय समजलं असतं?” मी म्हटलं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

संस्थेने आठ दिवस घेतले आणि मग कळवलं, त्याच गावांत पुन्हा विचारू, सुधारलेला मजकूर पाठवा. ‘सुधारलेला’ हा शब्द वाचून आम्ही दोघी हसलो. या वेळी वाक्य आम्ही मिळून लिहिलं. साखर नको आणि मिरचीही नको, असं ठरवून दोन दिवस घासलं. शेवटी दहा शब्द उरले. ‘एका जिवातला गुण प्रयोगशाळेत दुसऱ्या जिवात घालून तयार केलेले बियाणे.’ शास्त्रज्ञ याला अपुरं म्हणतील, आणि त्यांचं चूकही नसेल. पण साडेअकराला फोन लागला.

“काय समजलं, वहिनी?”

“म्हंजे आपल्या कपाशीवानी?”

“तसंच. पण खायच्या पिकाचं.”

“मंग असं सांगा ना. मी तं पेरीन बाई. फवारून फवारून हात जळतेत.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांचं स्वतःचं मत मला ठाऊक होतं. एकदा असं बियाणं शेतात मोकळं सुटलं की परत बोलावता येत नाही, त्यामुळे खाण्याच्या पिकात ते नको, असं त्या ठामपणे मानायच्या. त्यांनी विचारलं, “आणि खाल?”

“खायचं म्हनसान तं पयले तुमच्या दिल्लीवाल्याइले खाऊ द्या. त्याईले पचलं तं पाहू.”

त्यांनी फोन बंद केला. मी म्हटलं, “पेरणार म्हणतात.”

“मी त्यांना काय समजलं हे विचारते. पटलं का हे विचारत नाही,” त्या म्हणाल्या, आणि वाक्याखाली सही केली.

दुसऱ्या खेपेचे फॉर्म आले तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. होकार होतेच, पण या वेळी त्यांना कारणं होती. एका माणसाने लिहिलं होतं की त्याच्या भावाला फवारताना विषबाधा झाली होती, त्यामुळे फवारणी कमी होत असेल तर तो कुठलंही बियाणं घेईल. बाईंनी त्या चार ओळींचं इंग्रजी करायला अर्धा तास घेतला. तीन वेळा खोडून लिहिलं. त्यांना नको असलेलं ते मत त्यांनी इतकं नेमकं लिहिलं की मला एक स्वल्पविरामही बदलावा लागला नाही. नकार होते. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल का, शेजारच्या शेतात उडून आलं तर काय, उपासाला चालेल का, असे प्रश्नही होते. पहिल्या खेपेला एकानेही प्रश्न विचारला नव्हता.

त्यात एक फॉर्म होता. माणसाने होय, नाही, सांगता येत नाही, यांतल्या कशावरच खूण केली नव्हती. चौकटीत लिहिलं होतं, ‘मागे होय लिहिले होते ते धरू नये. आता प्रश्न समजला. विचार करून सांगतो.’

मॅनेजर म्हणाला, “हे ‘सांगता येत नाही’मध्ये टाका.”

“त्याला सांगता येतं आहे. तो सांगणार आहे,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, विचार करून सांगतो म्हणजे आपल्याकडे नाहीच असतं. लग्नाच्या बोलणीत नाही का म्हणत?”

“लग्नाच्या बोलणीत. इथं त्यानं मागचं उत्तर परत घ्यायला फॉर्म भरला आहे. एवढा त्रास घेणारा माणूस विचार करतो म्हणाला तर करतो.”

“पण तीनच रकाने आहेत. चौथा कुठून आणू?”

फॉर्म हातात घेऊन बाई तशाच उभ्या राहिल्या. पळायचे बूट, नवऱ्याचं घड्याळ, आणि चेहऱ्यावर असं काही की आता मेट्रो बंद होईपर्यंत या हलणार नाहीत हे मॅनेजरलाही कळलं. तो मदतीसाठी माझ्याकडे वळला. या वेळी काकूसुद्धा म्हणाला नाही.

मी बेरजेचा तक्ता ओढून घेतला. उजवीकडे दोन बोटं समास मोकळा होता. पट्टी ठेवली, वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि विचारलं, “वर नाव काय देऊ?”

“नाव आपण कशाला द्यायचं?” त्या म्हणाल्या. “त्यानं लिहिलं आहे ना.”

मी रकान्याच्या वर लिहिलं, ‘विचार करून सांगतो’, आणि त्याखाली एकाचा आकडा घातला.